अपुऱ्या दिवसांचे नातेवाईक

सांगली-मिरज रस्त्यावर एखाद्या रुग्णालयाच्या पायरीवर उभा राहून कोणी माणूस मोबाइलवर ‘वन चौदाशे वीस, टू तेराशे ऐंशी’ असं ओरडत असेल, तर त्याला हळदीचा व्यापारी समजू नये. शेजारी उभा असलेला गृहस्थ हमखास तसंच समजतो. ‘क्विंटलला का?’ म्हणून विचारतो. ‘न्हाई, ग्रॅम’ असं उत्तर आलं की आणखी गोंधळतो, कारण ग्रॅमवर बोलण्याजोगी वस्तू म्हणजे सोनं किंवा केशर, आणि समोरच्या माणसाची चार दिवसांची दाढी बघता त्याच्याकडं यातलं काही असेल असं वाटत नाही. तो माणूस अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांचा बाप असतो. वन आणि टू ही त्याच्या मुलांची नावं. बारसं व्हायचं असतं, पायातल्या पट्टीवर आईचं नाव आणि पुढं ‘ट्विन वन’, ‘ट्विन टू’ एवढंच असतं. पहिल्या आठवड्यातच ही नावं अशी मुरतात की पुढं आत्यानं पाळण्यात वाकून कानात कितीही गोड नाव सांगितलं, तरी बापाच्या तोंडून ‘टू रडतोय’ हेच निघतं. फोनच्या पलीकडं साताऱ्यात आजी असते. ती आकडे ऐकते, कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी टिपून ठेवते आणि मग रोजचा प्रश्न विचारते, ‘ते असू दे. सोडणार कधी?’

हे कुठल्या एका घराचं चित्र नव्हे, या भागातला हा ठरलेला साचा आहे. मुलीचं माहेर सांगली, सासर सातारा. मधे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, तासवडेचा टोल, कराड आणि पेठ नाका. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आपल्याकडं राज्यघटनेहून जुना आहे. म्हणून सातव्या महिन्यात साताऱ्याला डोहाळजेवण उरकून मुलगी सांगलीला येते. डोहाळजेवणात वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवतात; पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. जुळं आहे हे आधीच कळलेलं असल्यानं मुलीनं दोन्ही वाट्या उचललेल्या असतात. त्यावरचं हसणं अजून ओसरायचं असतं, तोच ३२ व्या आठवड्यात बर्फी आणि पेढा, याच क्रमानं, हजर होतात. यात नवल काही नाही. पूर्ण हिशोब ४० आठवड्यांचा, ३७ च्या आत आलं ते अपुऱ्या दिवसांचं, आणि जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं ३७ ची वाट बघत नाहीत. आत जागेचा प्रश्न असतो. साताऱ्याहून पहिल्याच गाडीनं तीन किलो कंदी पेढे निघतात आणि सांगलीत पोचल्यावर कळतं की दोन्ही बाळं मिळून पेढ्यांपेक्षा पन्नास ग्रॅम कमीच भरतात. इथून पुढचे चार-पाच आठवडे कोण कसं वागतं हे नीट पाहिलं तर एकच निष्कर्ष निघतो. बाळं अपुऱ्या दिवसांची असतात हे खरं, पण त्यांच्यापेक्षा फार अपुऱ्या दिवसांचे असतात ते नातेवाईक. बाळं रोज थोडी थोडी पिकत जातात. नातेवाईक जन्मले त्या दिवशी जसे होते तसेच राहतात.

‘सोडणार कधी’ या प्रश्नावर डॉक्टरांचं एकच उत्तर असतं, ‘बघू’. आपल्याकडं स्थळाकडून ‘बघू’ आलं की तो नकार समजून पत्रिका दुसरीकडं पाठवतात, आणि कचेरीत साहेब ‘बघू’ म्हणाले की त्यांना चहाला न्यायचं असतं. त्यामुळं डॉक्टरांच्या ‘बघू’चे घरात दोन अर्थ लागतात. एक गट म्हणतो, हे काहीतरी लपवतायत. दुसरा गट ओळख काढायला निघतो. सांगली-मिरजेत ती सापडतेच. १८९४ साली वॉन्लेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून ‘मिरजेला न्या’ हा या भागातला शेवटचा सल्ला होऊन बसला आहे, आणि इथं प्रत्येकाच्या साडूचा भाचा कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात असतोच. प्रत्यक्षात त्या ‘बघू’त लपवण्यासारखंही काही नसतं आणि ओळखीनं हलण्यासारखंही. बाळ सांगलीच्या सिव्हिलमध्ये असो, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात असो की खासगीत, घरी सोडायच्या अटी साधारण सारख्याच. वजन सलग काही दिवस वाढत राहावं. पेटीबाहेर अंग आपलं आपण ऊबदार राहावं. दूध तोंडानं घेता यावं. श्वास घ्यायला विसरू नये. आणि हे सगळं आपल्याला सांभाळता येईल असा आईला भरवसा वाटावा. आत्याला भरवसा वाटावा अशी अट कुठल्याही कागदावर नाही. आता याच अटी बाळांच्या जोडीनं नातेवाइकांना लावून बघू, म्हणजे कोणाला सोडायला हवं आणि कोणाला आणखी काही दिवस ठेवून घ्यायला हवं ते आपोआप ठरेल.

पहिली अट वजनाची. निसर्गाचा हिशोब असा की जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळ आधी उतरतं. पूर्ण दिवसांचं १० टक्क्यांपर्यंत, अपुऱ्या दिवसांचं त्याहून थोडं जास्तही. दोनेक आठवड्यांत ते जन्मवजनावर परत येतं आणि मग किलोमागं रोज १५ ग्रॅमच्या आसपास वाढ धरली जाते, म्हणजे दीड किलोच्या बाळाला दिवसाकाठी दोन तोळे. ही भाषा सांगली जिल्ह्याला तरी अवघड जायला नको. गाडगीळांची सराफी पेढी सांगलीत १८३२ साली सुरू झाली, आणि विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळत गुंजेगुंजेचा हिशोब ठेवतात. पण ज्या घरात दोन तोळे सोनं आलं की पुरणपोळी होते, त्याच घरात बाळ दोन तोळे वाढलं की ‘एवढंच?’ असं विचारतात. पाच ग्रॅम उतरलं तर मग बोलायलाच नको. ‘सिस्टर, काल चौदाशे पंचेचाळीस होतं, आज चौदाशे चाळीस कसं?’ ‘काका, आत्ताच शी केली त्यानं.’ ‘मग ती मोजली न्हाई का?’ इकडं बाळंतिणीसाठी म्हणून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डब्यांनी येतात. बाळंतीण आत दूध काढत बसलेली, डबा बाहेर बाकावर, आणि बाकावर काका. तिसऱ्या दिवशी काकांचा पट्टा एका भोकानं पुढं सरकतो. सलग तीन दिवस वजनवाढ या अटीवर काकांना घरी सोडायला डॉक्टरांची काहीच हरकत नसते; काका जात नाहीत.

दुसरी अट उबेची, आणि इथं ‘पेटी’ हा शब्द घोळ घालतो. ‘बाळं पेटीत ठेवलीत’ असं म्हटलं की तासगावच्या पाहुण्यांना चार किलो द्राक्षं दिसतात, भजनी मंडळातल्या अण्णांना हार्मोनियम आठवतं आणि मुंबईच्या मामांच्या भाषेत एक पेटी म्हणजे एक लाख. खासगी रुग्णालयाचं पहिलं बिल आलं की मामांचाच अर्थ सर्वांत जवळचा होता हे कळतं. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळं २०११ पासून आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. पण ‘मोफत आहे म्हणजे बरं नसणार’ असं म्हणणारा एक भाऊजी प्रत्येक घरात असतो, आणि बिल भरायच्या दिवशी तो नेमका गावाला गेलेला असतो. मूळ पेटीची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १८७८ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात स्तेफान तार्निये नावाच्या डॉक्टरांनी कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि तसंच बाळांसाठी करून मागितलं. १८८० च्या सुमारास ते प्रसूतिगृहात आलं. पुढं मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत अशा पेट्यांत खरी बाळं ठेवून तिकीट लावलं. लोक २५ सेंट देऊन काचेतून बघायचे, त्या पैशांवर बाळांचा खर्च चालायचा, आई-बापाकडून काही घेत नसत, आणि हजारो बाळं त्यातून वाचली. हे ऐकून नाक मुरडण्याआधी आपल्या रुग्णालयांतला भेटीचा तास आठवावा. आपल्याकडं काचेला नाक लावून बघणारे साताऱ्याहून जीप करून येतात, तिकीट काढत नाहीत, आणि वर ‘नाक कुणावर गेलंय’ यावर अर्धा तास मतदान घेतात. कूनींचा प्रेक्षक पैसे देऊन गप्प राहायचा. त्या मानानं आपली जत्रा फार स्वस्तात होते.

पेटी कमी पडली की काय करायचं याचं उत्तर १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी दिलं: बाळ आईच्या उघड्या छातीशी, कांगारूच्या पिल्लासारखं. हे आपल्याकडं सांगितलं की आजी म्हणतात, ‘पोर आईच्या छातीशी ठेवावं हे सांगायला कोलंबियाचा डॉक्टर कशाला?’ आजींचं बरोबर आहे, आणि विज्ञानानंही ते मान्य केलं आहे. भारतासह पाच देशांत ३,२११ लहानग्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रकृती स्थिरावायची वाट न बघता जन्मानंतर लगेच बाळ छातीशी ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी होतात, असं त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारस केली. पण आजींची पंचाईत पुढं आहे. ही ऊब आईच द्यावी असं नाही. बाप, मावशी, आजी, कोणीही चालतं. ‘तुम्ही घेता का, आजी?’ असं सिस्टरनं विचारलं की आजींना अचानक गुडघे आठवतात. मग बाप बसतो. सदऱ्याची बटणं सोडून, टूला छातीवर घेऊन, टेकून, तासभर न हलता. ज्या माणसानं आयुष्यात कुठल्याही कीर्तनाला, सभेला किंवा बायकोच्या बोलण्याला सलग दहा मिनिटं बैठक दिली नाही, तो तासभर शिंकसुद्धा दाबून धरतो. पाय बधिर होतो, नाकावर डास बसतो, खिशातला फोन थरथरतो. फोन साताऱ्याच्या आजींचाच असतो आणि प्रश्न तोच. नातेवाइकांच्या या सगळ्या परीक्षेत उबेच्या अटीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा हा एकटाच, आणि नेमका त्याच्याकडंच बघून सगळे म्हणतात, ‘ह्याला काय जमणार!’

तिसरी अट दुधाची. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी एका तालात जमायला साधारण ३४ वा आठवडा उजाडावा लागतो. तोवर दूध नळीनं, मग वाटी-चमच्यानं किंवा पन्हाळीसारखी चोच असलेल्या छोट्या भांड्यानं. ते भांडं बघून आजींचे डोळे चमकतात, कारण तसंच चांदीचं बोंडलं माळ्यावरच्या ट्रंकेत असतं आणि बापाला त्याच्यातूनच पाजलेलं असतं. या एका बाबतीत परंपरा आणि दवाखाना यांचं जमतं, म्हणून आजी लगेच पुढची मागणी करतात, ‘मग थोडा मध चाटवू का?’ सिस्टर नाही म्हणतात. ‘गुटी उगाळून?’ नाही. ‘निदान काजळाची तीट?’ आजी, नाही. आजी निराश होऊन बाकावर येतात आणि ‘पोरांना उपाशी ठेवलंय’ अशी बातमी साताऱ्याला देतात. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला विषबाधा होऊ शकते, आणि अपुऱ्या दिवसांच्या आतड्यांना आईच्या दुधाइतकं काही सोसत नाही, हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं असतं. पण सांगणार कोण? सगळ्यांच्या तोंडात लाडू असतो. खाणं, गिळणं आणि बोलणं या तीन गोष्टी एका तालात जमणं हीसुद्धा परिपक्वतेची खूण आहे, आणि बाकावरच्या मंडळींचा ३४ वा आठवडा अजून दूर असतो. मेथीची भाजी आईचं दूध वाढवते की शेवग्याची, यावर सांगली आणि सातारा यांच्यात जी चर्चा होते तिच्यामुळं ज्या आईचं दूध वाढवायचं तिला झोप लागत नाही, आणि झोप व निवांतपणा यांच्याइतकं दूध तर कुठल्याच भाजीनं वाढत नाही.

चौथी अट श्वासाची. लवकर आलेलं बाळ झोपेत मधेच श्वास घ्यायला विसरतं. मेंदूतली ती घडी अजून नीट बसलेली नसते. यंत्र ओरडतं, सिस्टर येते, तळपायाला हलकेच बोट लावते, आणि बाळ ‘हो की’ म्हणून पुन्हा सुरू होतं. असे विसरभोळे प्रसंग काही दिवस घडले नाहीत की मगच घरी जायचा विषय निघतो. मिरज तंतुवाद्यांचं गाव. तिथल्या सतारीला जितक्या तारा, जवळपास तितक्याच या दीड किलोच्या देहाला जोडलेल्या असतात, आणि त्यातली एखादी निसटली तरी यंत्र त्याच सुरात ओरडतं. काचेपलीकडच्या नातेवाइकांना यातला फरक कळत नाही. यंत्र ओरडलं की सगळे जण एकदम श्वास रोखतात. सिस्टर येऊन तार चिकटवते, बाळ जांभई देतं, आणि बाहेर आत्यांना पाणी द्यावं लागतं. श्वास विसरण्याचे दिवसाकाठचे प्रसंग मोजले तर टूपेक्षा आत्यांचे जास्त भरतात. तळपायाला बोट लावून त्यांना पूर्वपदावर आणायची सोय अजून निघालेली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘आमच्या टायमाला कुठं होत्या पेट्या? कापसात गुंडाळून, शेगडीजवळ ठेवून वाढवलीच की सातमाशी पोरं!’ वाढवली, यात शंका नाही, आणि त्या बायकांच्या चिकाटीला नमस्कारच करायला हवा. पण हा पुरावा एकतर्फी आहे. जी जगली ती आज मिशीवर ताव देत ‘मी सातमाशी’ म्हणून सांगतात; जी राहिली नाहीत ती आपली बाजू मांडायला येत नाहीत. याच पुराव्यातून ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हा सिद्धान्तही निघाला. वास्तविक पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या भल्याचाच असतो; आठव्या महिन्याशी कोणाचं वैर नाही. शिवाय परंपरेचाच दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. बाळंतिणीची खोली बंद, दार लोटलेलं, डोक्याला कुंची, बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, दहा दिवस सोयर, कोणी शिवायचं नाही, ही सगळी अतिदक्षता विभागाचीच नियमावली आहे; फक्त हिरव्या गाउनाऐवजी तिला नऊवारी होती. शेगडीच्या धुरीचा धूर तेवढा बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही, म्हणून ती वगळायची. तेव्हा दवाखाना ‘हात धुवा, गर्दी करू नका’ म्हणतो तेव्हा तो आपल्या पणजीचंच ऐकत असतो. सोयर कडक पाळणाऱ्या घरातली माणसं हात न धुता ‘एकच फोटो’ म्हणून आत घुसतात, तेव्हा परंपरा मोडणारे कोण, हे पणजीनंच ठरवावं.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. नातेवाईक नसतील तर या दोघांचं होणार काय? खरं आहे. रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी आणायला धावतो तो मावसभाऊच, आणि बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपतो तो काकाच. बऱ्याचदा वन आधी घरी जाते आणि टू मागं राहतो; अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मुली मुलांपेक्षा जरा चिवट निघतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं, वंशाच्या दिव्याची वाट बघणाऱ्या आजोबांना ते नव्यानं कळतं. मग आई वनपाशी घरी, टू दवाखान्यात, आणि मधे थर्मासच्या पेटीत बर्फावर दुधाची बाटली ठेवून चार तासांच्या आत पोचवणारा मामा मोटरसायकलवर. असा मामा ज्याला आहे त्यानं नवस फेडावा. तक्रार नातेवाइकांच्या असण्याबद्दल नाहीच, त्यांच्या घाईबद्दल आहे. आणि घाईसुद्धा कशी, तर सोयीची. पाच आठवडे ‘सोडणार कधी’ म्हणून ज्यांनी डॉक्टरांना भंडावलं, त्यांना एका सकाळी डॉक्टर म्हणतात, ‘उद्या न्या.’ बाकावर शांतता पसरते. मग आजी हळूच म्हणतात, ‘उद्या अमावस्या आहे. परवा नेलं तर?’

आणि नेमकं त्याच संध्याकाळी कळतं की घर तयार नाही. बाळ यायच्या आधी खरेदी करू नये या नियमामुळं झबली, दुपटी, पाळणा यातलं काहीच घेतलेलं नसतं. मग गणपती पेठेत आणि मारुती रोडवर चार तासांत वर्षभराची खरेदी होते आणि पाळणा एकच येतो, कारण दुकानात गेलेल्या काकांच्या डोक्यात अजून एकच बाळ बसलेलं असतं. खोलीला कोणीतरी हौसेनं ताजा रंग दिलेला असतो, त्याच्या वासात मोठ्यांचंही डोकं दुखतं. आणि घर म्हणजे कुठलं घर? साताऱ्याचं म्हणणं, आमची नातवंडं; सांगलीचं म्हणणं, सव्वा महिना इथंच. दोन्हीकडं ओवाळायचं ताट तयार. डॉक्टरांना या वादात रस नसतो. त्यांना एवढंच माहीत असतं की ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, पुढं कानांची, पुढं वजनाची, आणि त्यासाठी जिथून दवाखाना जवळ ते घर बरं. लव-कुशांना वाल्मीकींच्या आश्रमातून अयोध्येला यायला वर्षं लागली. तेव्हाही दोन घरांचा प्रश्न होता, पण निदान ताट घेऊन दारात वाट अडवणाऱ्या दोन आज्या नव्हत्या.

तिसरा आक्षेप असा की ज्यांचा जीव टांगणीला लागलाय त्यांच्यावर हसावं का? आई-बापावर इथं कोणी हसलेलं नाही, आणि त्या बाकावर पहिला विनोद तेच करतात. तिसऱ्या आठवड्यात दूध काढायच्या खोलीत चार आया एकमेकींची मिली-लिटरं विचारून खिदळतात, तेव्हा बाहेर पाहुणे चेहरे पाडून बसलेले असतात. शिवाय दवाखान्यातून सुटल्यावर खरा गोंधळ पुढंच आहे. डॉक्टर अशा बाळाचं वय दोन वर्षांचं होईपर्यंत दोन तऱ्हांनी मोजतात. आठ आठवडे आधी आलेलं बाळ कॅलेंडरनं दोन महिन्यांचं झालं की वाढीच्या हिशोबानं त्या दिवशी शून्य दिवसांचं असतं. लशीच्या सुया कॅलेंडरप्रमाणं टोचतात, कौतुक मात्र दुसऱ्या हिशोबानं करायचं. हे न कळल्यानं आत्या सहाव्या महिन्यात विचारतात, ‘अजून बसत न्हाई? आमचा बंटी तर रांगत होता.’ नातेवाइकांनाही अशीच सुधारित वयाची सवलत द्यायला हवी. आत्या पासष्टच्या दिसतात. सुधारित वय काढलं तर अजून पेटीतच आहेत.

तेव्हा वाचकहो, तुमच्या नात्यात, ओळखीत, आळीत अशी जुळी दवाखान्यात असतील तर चार गोष्टी करा. जेवणाचा डबा न्या आणि तो बाळंतिणीपर्यंत पोचेल हे बघा. हात कोपरापर्यंत धुवा आणि तरीही आत जाऊ नका. सर्दी असेल तर साताऱ्यातच थांबा. आणि ‘सोडणार कधी’ हे विचारू नका, कारण ज्यांना ठाऊक असायला हवं त्या दोन बाळांना ते सांगता येत नाही, आणि बाकीच्यांना ठाऊक नाही. पेढ्यांचं म्हणाल, तर ते बाळं घरी आल्यावर घ्या. तोवर दोघं मिळून त्यांच्यापुढं निघून गेलेली असतील. पुढच्या खेपेला सहा किलो लागतील.